पोट कोमल आहे

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं लोक विचारायचे, "मॅडम, वेळ कसा जातो?" आता विचारतात, "मॅडम, मोबाइललाच सगळं इंग्रजी यायला लागलंय, मग तुम्ही काय शिकवता?" शेजारी विचारतात, लग्नात पंगतीला बसलेले पाहुणे विचारतात. एकदा तर दाढ काढता काढता दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. तोंडात कापूस कोंबलेला असल्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. ते इथं देते. थोडं चिडून देते आहे, पण ऐकून घ्या.

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवलं. बरीचशी जळकोट तालुक्यात, शेवटची नऊ धर्माबादला. निवृत्तीनंतर नांदेडला घर केलं आणि एका खाजगी नर्सिंग कॉलेजात आठवड्यातून चार दिवस जायला लागले. वर्गात चाळीस मुली. हिमायतनगर, मुखेड, नायगाव अशा सगळीकडच्या. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या, आणि इथं आल्या दिवसापासून पुस्तक इंग्रजी, औषधाचं खोकं इंग्रजी, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजी, तीही डॉक्टरांच्या अक्षरात. त्यांना व्याकरणापेक्षा शब्द हवे असतात. पुष्कळ आणि लवकर.

शब्द शिकवणं म्हणजे अर्थ सांगणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं असतं तर चाळीस डिक्शनऱ्या वाटून मी घरी बसले असते. आपलाच 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, दाराला कडी लागते, आणि समोरचा माणूस नात्यानं आपला कोणीतरी लागतो. आता एखाद्या परक्या माणसानं तुम्हाला विचारलं, "लागणे म्हणजे काय हो?" तर तुम्ही काय सांगाल? आधी विचाराल, "कुठं ऐकलंस?" माझा सगळा धंदा एवढ्या एका प्रश्नावर चालला. पोरगं हात वर करून शब्द विचारायचं, मी म्हणायचे, "पूर्ण ओळ वाच." ओळ वाचली की निम्म्या वेळा अर्थ त्याचा त्यालाच सापडायचा.

तर अशी आमची गाडी बरी चालली होती. मग संस्थेचे सचिव पुण्याला कसल्याशा परिषदेला जाऊन आले.

सचिवसाहेब माणूस म्हणून चांगले. मुलींच्या वसतिगृहात पाणी आलं नाही तर स्वतः टँकरच्या मागं धावतात. पण नवीन काही पाहिलं की त्यांना धीर निघत नाही. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, आता तुम्ही दमायचं नाही. शब्द एआय शिकवणार. तुमची फक्त देखरेख."

"देखरेख कुणावर साहेब, मुलींवर का मशीनवर?"

"दोघांवर!" ते आनंदानं म्हणाले. मी विनोद केला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

वर्गात प्रोजेक्टर लावून त्यांनी स्वतः प्रात्यक्षिक दिलं. शब्द टाकायचा, की मशीन अर्थ देतं, वाक्य देतं आणि चित्रसुद्धा काढून देतं. पहिला शब्द त्यांनी नर्सिंगच्या पुस्तकातूनच घेतला, 'स्टूल सॅम्पल'. दवाखान्यात स्टूल म्हणजे शौच. तपासणीला पाठवायचा शौचाचा नमुना. पडद्यावर आलं तीन पायांचं सुरेख लाकडी स्टूल, त्याच्यावर फुलदाणी. चाळीस मुलींनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. दुसरा शब्द 'लेबर रूम'. म्हणजे बाळंतपणाची खोली. पडद्यावर पिवळ्या टोप्या घातलेले दहा-बारा मजूर विटा उचलताना दिसले.

मागच्या बाकावरून रेहाना नावाची मुलगी मोठ्यानं हसली. तिच्या वडिलांचं नांदेडच्या इतवारा बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं जुनं दुकान आहे, आजोबांपासूनचं. तिची जीभ आधीपासूनच मोकळी. "मॅडम, डिलिव्हरी को ये लोगां आते क्या?"

सगळा वर्ग खिदळला. सचिवसाहेबही हसले आणि म्हणाले, "पण चित्र काय क्लिअर आहे बघा!"

मी पुढचे चार महिने काय सोसलं ते थोडक्यात सांगते. 'माझं गाव' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहून आणा म्हटलं. चाळीस वह्या आल्या, आणि चाळीसच्या चाळीस गावं डोंगराच्या कुशीत विसावलेली निघाली. 'नेसल्ड' हा शब्द मी एकतीस वर्षांत एकदाही शिकवला नव्हता, तो चाळीस वेळा तपासला. नायगावच्या मुलीला विचारलं, "अगं, तुझ्या गावाला डोंगर कुठाय?" ती म्हणाली, "न्हाई मॅडम, डोंगर न्हाई. पण ते तसंच देतंय." एकीचं गाव परंपरांचं रंगीबेरंगी वस्त्र होतं. गावात चार वर्षांपासून टँकर येतो हे तिनं मला तोंडी सांगितलं. वहीत टँकर नव्हता, कारण मशीनला टँकर ठाऊक नव्हता आणि तिनं तो सांगितलाही नव्हता.

मुलींना मी दोष देत नाही. दिवसभर वॉर्डात उभं राहून आलेल्या मुलीला आयतं चकाचक इंग्रजी कुणी हातात ठेवलं तर ती घेणारच. पण मला वाचताना मात्र असं वाटायचं की चाळीस मुली उठून गेल्या आहेत आणि त्यांच्या जागी कुठली तरी एकच परकी बाई चाळीस वह्यांत लिहून राहिली आहे.

या सगळ्याला कंटाळून मी एक गोष्ट केली. तीच खरी सांगायची आहे आणि तीच सांगायला जड जाते आहे.

मी म्हटलं, ठीक आहे, वाक्यं नको, निबंध नको. रोज वीस शब्द मशीनला विचारा, वहीत समोर मराठी अर्थ लिहा, पाठ करा. शनिवारी मी परीक्षा घेईन. माझं डोकं खाऊ नका.

खरं कारण असं होतं की मी दमले होते. शब्द आणि अर्थ, दोन रकाने, तपासायला सोपे. बरोबर, बरोबर, बरोबर. मुलींनाही ते आवडलं. मार्क भराभर वाढले. सचिवसाहेबांनी मार्कांचा तक्ता करून जिन्याजवळ लावला आणि आल्यागेल्या पाहुण्याला दाखवायला लागले. मी काही बोलले नाही. आपल्या नावानं तक्ता लागला की गप्प बसवतं.

त्या तक्त्यावर कायम पहिली असायची वर्षा. हिमायतनगरजवळच्या गावची, घरची शेती, तिघी बहिणींत थोरली. बोलायला अगदी कमी. दोनशे पानी वहीत निळ्या पेनानं शब्द, हिरव्या पेनानं अर्थ, पट्टी लावून ओढलेल्या रेघा. तिला सहाशेच्या वर शब्द पाठ होते. मी वहीवर लाल पेनानं 'एक्सलंट' लिहायचे.

रेहानाचं याच्या उलट. तिची वही म्हणजे उकिरडा, आणि वीस शब्द तिनं कधी पुरे केले नाहीत. ती मशीनशी भाजीवाल्याशी भांडावं तसं भांडत बसायची. एकदा मागून जाताना मी ऐकलं. फोन तोंडाजवळ धरून ती सांगत होती, "ऐसा नको बोल. मैं सिस्टर है, वार्ड में है, पेशंट के कागज पे ये लिखेला है. पूरा सुन पहले." मी तिला रागावले. "वीस शब्द झाले का तुझे?"

"चार हुए मॅडम."

"मग गप्पा काय मारत बसलीस?"

तिचे चार आणि वर्षाचे वीस, यात मला तेव्हा फक्त सोळाचा फरक दिसत होता.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. मुलींची ड्यूटी सकाळी एका छोट्या ट्रस्टच्या दवाखान्यात असायची आणि दुपारी तीनला माझा तास. त्या दिवशी मी नेहमीसारखं विचारलं, "आज वॉर्डात इंग्रजीचा कुणाला काही उपयोग झाला का?"

वर्षा उभी राहिली. तिनं आपणहून बोलायची ही पहिलीच वेळ. चेहरा फुललेला होता.

"मॅडम, आज म्या एका बाईला डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवली. पूर्ण."

"अरे वा! काय होतं चिठ्ठीत?"

"धर्माबादकडचा पेशंट होता मॅडम, पोशट्टी नावाचा. पोटात लई दुखत होतं म्हणून आणला होता. सरांनी इंजेक्शन देलं, बरं वाटलं त्याला. मग सर चिठ्ठी लिहून दुसऱ्या पेशंटकडं गेले. त्याची बायको मला म्हणली, पोरी, काय लिवलंय बघ बरं. म्या वाचलं. ॲब्डोमेन टेंडर. म्हणजे पोट कोमल आहे."

मी फळ्याकडून वळले.

"काय सांगितलंस तू तिला?"

"सांगितलं की पोट कोमल हाय, मऊ हाय, काळजीचं काही न्हाई." ती अजून हसत होती. "अन् खाली होतं, सर्जिकल ओपिनियन. ओपिनियन म्हणजे मत. तर सांगितलं, ऑपरेशन करायचं का न्हाई ते तुमच्या मतावर हाय. ती म्हणली, आमचं मत न्हाई बाई. मग गेले ते गावाकडं."

वाचकांपैकी सगळ्यांनाच हे ठाऊक असेल असं नाही, म्हणून सांगते. डॉक्टर 'टेंडर' लिहितात तेव्हा पोट कोमल नसतं. पोटाला बोट लावलं तरी माणूस कळवळतो, असा त्याचा अर्थ. आणि 'सर्जिकल ओपिनियन' म्हणजे ताबडतोब सर्जनला दाखवा. नातेवाइकांचं मत कुणी विचारलेलं नसतं.

"किती वाजता गेले?" मी विचारलं.

वर्षाचं हसू गेलं. "अकरा वाजले असतील. काय झालं मॅडम?"

मी तास तिथंच सोडला. दवाखाना कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर. मी, वर्षा आणि न बोलावता रेहाना, तिघी पळत गेलो. इन्चार्ज सिस्टरला सांगितलं. तिनं रजिस्टर काढलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर तरुण होते, चेहरा एकदम पांढरा पडला. "मी त्यांना सांगितलं होतं, मोठ्या दवाखान्यात जा म्हणून. अपेंडिक्सचा संशय आहे. इंजेक्शननं दुखणं दबलंय फक्त, फुटलं तर..."

रजिस्टरमध्ये फोन नंबर होता. लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. पाच वेळा लावला. गावाचं नाव होतं, धर्माबादच्या पुढं दहा-बारा किलोमीटर. नांदेडहून कुणी निघालं तरी पोचायला दोन तास.

त्या क्षणी मला गंगाधर आठवला. धर्माबादच्या शाळेत माझ्याकडं होता. आता तिथंच मिरचीची आडत चालवतो. इंग्रजीत मी त्याला तीनदा नापास केलं होतं. तरी दर शिक्षकदिनाला त्याचा फोन येतो, आणि दरवेळी तो मला या तीन वेळांची आठवण करून देतो.

"गंगाधर, मी बोलतेय."

"नमस्कार मॅडम! आज कसा फोन केलाव?"

"तुझ्याकडं गाडी आहे का आत्ता?"

"हाय की. माल उतरून राहिलो. का मॅडम?"

मी सांगितलं. दोन मिनिटांत सांगितलं असेन. त्यानं एकही प्रश्न मध्ये विचारला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "पोशट्टी म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाचा. त्याच्या भावाचा माल येतो माझ्याकडं. निघालो मॅडम." मागं हमालांचा आवाज येत होता. "पोती तशीच राहू द्या रे!" असं त्यानं ओरडलेलं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

पुढचा पाऊण तास आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या होतो. वर्षा भिंतीला टेकून खाली बसली. रडतही नव्हती. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. जवळ गेले तर ती शब्द म्हणत होती. "टेंडर, कोमल, हळुवार. टेंडर, कोमल, हळुवार." रेहानानं खाली बसून तिच्या तोंडावर हात ठेवला. "बस कर वर्षा. बस."

गंगाधरचा फोन आला. "मॅडम, सापडला. अंगणात बाजेवर पडलाय, अंग तापलंय, दोनदा उलटी झाली. बायको म्हणती, नर्सबाईनं काळजीचं न्हाई म्हणून सांगितलं, म्हणून चहा पाजला. नांदेडला आणू का?"

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "निजामाबाद जवळ पडतं तुम्हाला. तिकडं न्या. चिठ्ठी सोबत घ्या. ती चिठ्ठी विसरू नका."

निजामाबाद तेलंगणात. मराठी तिथं फारशी कुणाला कळत नाही. गंगाधरला तेलुगू बाजारापुरती येते, मिरचीचे भाव सांगण्याइतकी. नंतर त्यानं मला सगळं सांगितलं. दवाखान्याच्या दारातच एक डॉक्टरीणबाई भेटल्या. हा काय बोलतोय ते त्यांना समजेना, सायाबाई, म्हणजे पोशट्टीची बायको, काय रडतेय ते समजेना. मग यानं ती चिठ्ठी पुढं केली. बाईंनी दोन ओळी वाचल्या, पोटावर हात ठेवला, आणि लगेच पेशंटला आत घेतलं. "मॅडम, तीनदा नापास झालो, पण पैल्यांदा कळलं इंग्रजी कशाला असती," असं गंगाधर म्हणाला. मला त्याच्यावर हसता आलं नाही. ज्या दोन ओळींनी सकाळी माणूस घरी गेला होता, त्याच दोन ओळींनी संध्याकाळी तो ऑपरेशनच्या टेबलावर गेला.

संध्याकाळी सातला निरोप आला. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होतं. ऑपरेशन झालं, माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी वर्षा बॅग भरून माझ्यासमोर आली.

"मॅडम, म्या घरी जाते. मला हे काम न्हाई जमायचं."

"वही आण तुझी."

"कशाला?"

"आण आधी."

तिनं आणली. मी पानं उलटली. सापडलं. निळ्या अक्षरात टेंडर, हिरव्या अक्षरात कोमल, हळुवार. आणि त्याच्यापुढं लाल पेनाची बरोबरची खूण.

"ही खूण कुणाची आहे?"

तिनं वहीवर वाकून पाहिलं.

"माझी आहे. मी इंग्रजीची बाई आहे, तू नर्सिंगची विद्यार्थिनी आहेस, आणि मी इथं बरोबर म्हणून ठेवलंय. बॅग भरायची तर आधी मी भरते."

ती घरी गेली नाही. पण त्यानंतर बरेच महिने तिनं वॉर्डात कुणालाही काहीही वाचून दाखवलं नाही. कागद पुढं आला की मागं सरकायची.

घरी गेल्यावर मी स्वतः ते मशीन उघडलं. आधी नुसता 'टेंडर' शब्द टाकला. कोमल, हळुवार, नाजूक, आणि वर निविदा! रस्त्याच्या कामाचं टेंडर. मग रेहानासारखं केलं. लिहिलं की मी नर्स आहे, पेशंटच्या चिठ्ठीवर असं असं लिहिलं आहे. क्षणात उत्तर आलं: दाबल्यावर दुखणारं पोट, गंभीर असू शकतं, सर्जनला तातडीनं दाखवणं गरजेचं. सगळं बरोबर. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट इतका संताप आला की फोन मी सोफ्यावर आपटला. अरे, तुला येत होतं ना? मग त्या पोरीनं नुसता शब्द विचारला तेव्हा तू एवढंच का नाही म्हणालास, की बाई, कुठं वाचलास? पण मग लक्षात आलं, तो प्रश्न विचारायचं काम मशीनचं नव्हतंच. ज्या बाईला त्या कामासाठी पगार मिळत होता, तीही शनिवारी लाल पेन घेऊन बरोबर, बरोबर करत बसली होती.

सचिवसाहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मॅडम, एआयला येत होतं! चूक विचारण्याची झाली."

"साहेब, विचारायला शिकवणं हेच तर माझं काम आहे."

"बरोबर आहे. आपण याच्या वरचा प्लॅन घेऊ. त्यात मेडिकलचं वेगळं आहे म्हणे."

मी डोक्याला हात लावला. तीन आठवडे मी त्यांच्या केबिनच्या खेपा घातल्या. शेवटी एवढं पदरात पडलं: जिन्याजवळचा तक्ता उतरला, आणि आठवड्यातून एक तास इन्चार्ज सिस्टर आमच्या वर्गात यायला लागल्या. आता मुली वॉर्डातून शब्द आणत नाहीत, पूर्ण ओळ आणतात, पेशंटचं नाव झाकून. आधी स्वतः अर्थ काढायचा, मग मशीनला पूर्ण ओळ सांगून विचारायचं, मग दोन्ही सिस्टरपुढं ठेवायचं. दिवसाला चारच ओळी होतात. मशीनशी बोलायचं कसं हे रेहाना शिकवते, मी मागच्या बाकावर बसते. आठवड्यातून एकदा तरी मशीनचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं निघतं आणि वर्ग माझ्याकडं वळून बघतो. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण कबूल करते. आणि कधीकधी ते इतक्या आत्मविश्वासानं चुकीचं सांगतं की सिस्टर कपाळावर हात मारतात. त्याचा सूर मात्र दोन्ही वेळा सारखाच असतो. कुठलं बरोबर नि कुठलं चूक ते ओळखायला माणूस लागतो, हे सचिवसाहेबांना अजून पटलेलं नाही. वरचा प्लॅनही त्यांनी घेतलाच.

वर्षा पास झाली आणि त्याच दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून लागली. गेल्या महिन्यात मी तिथं गेले होते. माझ्या गळ्याला छोटी गाठ आली होती, सोनोग्राफी केली होती, रिपोर्टची फाईल घेऊन डॉक्टरांसाठी थांबले होते. वर्षा व्हरांड्यातून चालली होती. मला पाहून थांबली. "मॅडम? दाखवा बरं." तिनं माझ्या हातातून रिपोर्ट घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. मधल्या ओळीवर बोट थांबलं. 'इक्विव्होकल' असा शब्द होता.

मला तो शब्द येत होता. म्हणजे निश्चित सांगता येत नाही असा. अगदी ओठावर आला होता. पस्तीस वर्षांची सवय आहे, कुणी शब्दाला अडलं की माझं तोंड आपोआप उघडतं. मी ते दाबून बंद ठेवलं.

"ह्यातला एक शब्द मला येत न्हाई," वर्षा म्हणाली. अगदी सहज. मान खाली न घालता. "बसा मॅडम, विचारून येते." खिशातला कागद काढून तिनं ती पूर्ण ओळ उतरवून घेतली आणि फाईल घेऊन जिना चढून वर गेली.

वीस मिनिटं लागली तिला. डॉक्टर राउंडला होते, त्यांच्या मागं मागं फिरावं लागलं म्हणे. परत आली ती धापा टाकत. "नक्की काय ते आत्ता सांगता येत न्हाई म्हणले. तीन महिन्यांनी परत काढायची. घाबरायचं कारण न्हाई, पण विसरायचं न्हाई." मग माझ्याकडं बारकाईनं पाहिलं. "तुम्हाला येत होता न्हवं हा शब्द?"

"हाव," मी म्हटलं.

"मग बोलला का न्हाई?"

मी फाईल घ्यायला हात पुढं केला. तिनं ती माझ्या मांडीवर जवळजवळ आपटलीच. "तुमच्यापायी माझं वॉर्डातलं सगळं काम खोळंबलं," म्हणाली आणि निघून गेली.

इतकी रागावून आजवर एकही विद्यार्थिनी माझ्याशी बोललेली नाही. डॉक्टर येऊन गेले, माझं काम झालं, तरी मी बराच वेळ त्या बाकावरून उठले नाही. फार बरं वाटत होतं.